साथ चालू असताना घराची ऊर्जा-तपासणी कशी करावी: सांगली-साताऱ्याच्या घरांसाठी

वीज कुठे जाते, उष्णता कुठून शिरते आणि खोलीतली हवा किती बदलते, या तिन्हींची मोजणी म्हणजे घराची ऊर्जा-तपासणी. एरवी तपासनीस दोन-तीन तास घरभर फिरतो. कोविडसारखी हवेतून पसरणारी साथ चालू असताना ते परवडत नाही, आणि खरं तर तेवढी गरजही नसते. बहुतेक काम घरच्याच माणसाला आधी करून ठेवता येतं. बाहेरच्या माणसाने आत यायचंच असेल तर अर्ध्या-पाऊण तासासाठी, आणि तेही फक्त मोजायला. एक गोष्ट मात्र पहिल्यांदाच ठरवून टाका: खिडकी बंद करून वीज वाचवायची नाही. बचत छतातून, पंख्यांतून आणि फुकट जळणाऱ्या विजेतून काढायची. खिडकी उघडी ठेवल्याने किती वीज जास्त जाते त्याचा हिशेब पुढे दिला आहे. तो लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी निघतो.

बिलांपासून सुरुवात

२४ महिन्यांची बिलं काढा. महावितरणच्या ॲपवर बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकला की जुनी बिलं मिळतात. कागदावर तीन रकाने आखा: महिना, युनिट, शेरा. तिसरा रकाना सोडू नका, कारण लॉकडाउनच्या काळात आली तशी सरासरी बिलं तो नसेल तर फसवतात. मार्च २०२०च्या अखेरीस मीटर रीडिंग थांबलं, सरासरी बिलं आली आणि जूनमध्ये रीडिंग पुन्हा सुरू झाल्यावर सगळा वापर एकाच बिलात चढला. असे महिने सुटे वाचू नयेत. मागच्या खऱ्या रीडिंगपासून पुढच्या खऱ्या रीडिंगपर्यंतची युनिटं घ्या आणि मधल्या महिन्यांनी भागा. तीन महिन्यांत ६९० युनिटं असतील तर महिन्याला २३० धरा.

हातासरशी त्या बिलाचे टप्पेही तपासा. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. तीन महिन्यांचं एकत्र बिल असेल तर पहिल्या टप्प्याच्या दराने ३०० युनिटं लागायला हवीत, उरलेली ३९० दुसऱ्या टप्प्यात. एकाच महिन्याचा हिशेब धरून ती युनिटं वरच्या टप्प्यांत ढकलली असतील तर दुरुस्ती मागा.

सांगलीकरांसाठी आणखी एक सूचना. तुलनेसाठी २०१९ हे ‘साथीआधीचं वर्ष’ म्हणून घेताना ऑगस्ट आणि सप्टेंबर वगळा. कृष्णेच्या पुरात निम्मं शहर बंद होतं. तो वापर कमी दिसतो तो काटकसरीमुळे नाही. पूररेषेतल्या घरांनी जुलै-ऑगस्ट २०२१ही तसंच बाजूला ठेवावं.

साथीत सगळे दिवसभर घरात असतात, त्यामुळे वापर वाढतोच. वाढ कुणामुळे झाली ते शोधण्यात वेळ घालवू नका. माणसं बाहेर असोत की घरात, जी वीज जातच राहते ती आधी पकडा.

मीटरच्या लाल दिव्यावरून मोजणी

डिजिटल मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. शेजारी ३२०० किंवा १६०० असा आकडा आणि पुढे ‘imp/kWh’ अशी अक्षरं छापलेली असतात. म्हणजे एका युनिटला दिवा तितक्या वेळा लुकलुकतो. सूत्र असं:

किलोवॉट = (३६०० × लुकलुकण्याची संख्या) ÷ (मीटरवरचा आकडा × सेकंद)

३२०० च्या मीटरवर ४५ सेकंदांत १० वेळा दिवा लागला, तर ३६,००० भागिले १,४४,०००, म्हणजे ०.२५ किलोवॉट. त्या क्षणी घर २५० वॉट घेतंय. मोबाइलचं स्टॉपवॉच पुरे, दुसरं काही विकत घ्यावं लागत नाही.

हे माप तीनदा घ्या. पहिलं मेन स्विच बंद करून. दिवा पूर्ण थांबला पाहिजे. तरीही लुकलुकत असेल तर मीटर आणि मेन स्विच यांच्यामधल्या वायरीत गळती आहे, किंवा तिथून कुणीतरी जोड घेतली आहे. पुढचं काम थांबवून आधी परवानाधारक वायरमन बोलवा. दुसरं माप मेन चालू, पण घरातले सगळे दिवे-पंखे बंद आणि फ्रीजचा प्लग काढलेला, असं पाच मिनिटं घ्या. पाच मिनिटांत २० वेळा दिवा लागला तर ७५ वॉट झाले. आकडा किरकोळ वाटतो, पण ७५ वॉट चोवीस तास चालले की महिन्याला ५४ युनिटं होतात. त्यात सेट-टॉप बॉक्स, राउटर, रिमोटवर बंद केलेला टीव्ही आणि बहुतेक घरांत इन्व्हर्टर असतो. जुनी, पाणी न घातलेली बॅटरी भरतच नाही आणि चार्जर रात्रंदिवस ओढत राहतो. एकेक प्लग काढत पुन्हा मोजा, दोषी पाच मिनिटांत सापडतो.

तिसरं माप रात्री, नेहमीसारखं सगळं चालू असताना. त्याच्यावरून झोपेच्या वेळचा भार कळतो.

पुराचं पाणी लागून गेलेल्या घरात मेन चालू पण सगळी बटणं बंद असताना दिवा हळूहळू लागत राहिला, तर ओल धरलेल्या भिंतीतल्या पाइपमधून गळती होत असण्याची शक्यता मोठी. ईएलसीबी किंवा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवलेला नसेल तर तो आधी. त्यात बचत नाही, जीव आहे.

छत

आपल्याकडच्या घरांत उष्णतेचा मोठा वाटा छतातून येतो. एसीच्या दुकानात जाण्याआधी छत मोजा.

साथीत जवळपास प्रत्येक दुकानात कपाळाचा ताप पाहणारी गन आली. तिच्यात ‘सरफेस’ मोड असेल तर छतासाठी ती चालते. शरीराच्या मोडवर मात्र ती स्वतःच दुरुस्ती करून आकडा दाखवते आणि तापाच्या पल्ल्याबाहेर चुकीचा आकडा किंवा नुसतं ‘हाय’ दाखवून गप्प बसते. सरफेस मोडवर ठेवून एक हातभर अंतरावरून मोजा. चकचकीत पत्रा किंवा स्टील थेट मोजू नका. चकाकणारा पृष्ठभाग खरं तापमान लपवतो. तिथे कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा, पाच मिनिटं थांबा आणि पट्टीवर नेम धरा.

मार्च ते मे या काळातल्या निरभ्र दिवशी वरच्या मजल्यावरच्या खोलीत स्लॅबच्या खालच्या बाजूला पेन्सिलने खूण करा. दुपारी ३, संध्याकाळी ६, रात्री ९ आणि ११ वाजता त्याच खुणेवर मोजा. सोबत आतल्या भिंतीचं आणि खोलीच्या हवेचं तापमानही लिहा. दुपारी स्लॅब फारसा तापलेला दिसणार नाही, कारण उष्णता काँक्रीटमधून खाली उतरायला काही तास घेते. रात्री ९ ला स्लॅब आतल्या भिंतीपेक्षा चार-पाच अंशांनी जास्त असेल तर पहिला पैसा छतावर घालायचा, यात दुमत नको.

आता मानकाकडे. केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची इको-निवास संहिता डिसेंबर २०१८ मध्ये आली. ती आली तेव्हा ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावरच्या निवासी इमारतींसाठी होती. तुमचं दोन गुंठ्यांतलं घर तिच्यात बसत नाही, पण तिचे आकडे मोजपट्टी म्हणून उत्तम आहेत. छताची यू-व्हॅल्यू, म्हणजे एका चौरस मीटरमधून एका अंशाच्या फरकाला किती वॉट उष्णता जाते तो आकडा, १.२ पेक्षा जास्त नसावा असं ती सांगते. चार-पाच इंची साध्या स्लॅबचा हाच आकडा ३ च्या पुढे जातो. वर चार इंच विटांचा कोबा केला तरी तो दोन-सव्वादोनपर्यंतच उतरतो. कोबा पाण्यासाठी चांगला आहे, उन्हासाठी नाही. ‘कोबा केलाय, आता गार राहील’ असं सांगणाऱ्या ठेकेदाराला हे दाखवा. त्याच स्लॅबवर २५ मिलिमीटर जाडीचा एक्सपीएस बोर्ड (उष्णता अडवणारा घट्ट फोमचा बोर्ड) घातला की आकडा १ च्या आसपास येतो, म्हणजे संहितेच्या मर्यादेत.

बोर्ड वॉटरप्रूफिंगच्या वर घालायचा, सांधे अडकवून बसवायचे, त्यावर जाळीसह काँक्रीटचा पातळ थर आणि मग फरशी. उघड्या उन्हात बोर्ड काही महिन्यांत पिठूळ होतो. उतार आधी नीट केला नाही तर बोर्डाखाली पाणी साठतं आणि खालच्या खोलीत ओल येते. या कामातली बहुतेक फजिती इथेच होते.

एवढा खर्च आत्ता नको असेल तर पांढरं छत. फुटक्या पांढऱ्या टाइलचा चायना मोझेक वर्षानुवर्षं टिकतो. चुना सर्वांत स्वस्त, पण तो पावसात धुऊन जातो, म्हणून दरवर्षी फेब्रुवारीच्या शेवटी द्यावा. गच्ची घासून धुवा, चुना रात्रभर भिजवून गाळा, थोडा गोंद मिसळा, आणि पहिला हात आडवा तर दुसरा उभा द्या. व्यावसायिक इमारतींच्या संहितेत गार छतासाठी उन्हाचा किमान ६० टक्के भाग परतवणारा पृष्ठभाग मागितला आहे. धूळ बसली की परतवणं घटतं. कारखान्यांजवळ किंवा वीटभट्टीच्या वाऱ्यात असलेल्या गच्चीला एप्रिलमध्ये एकदा झाडू आणि पाणी द्यावंच लागतं.

पत्र्याचं घर असेल तर द्राक्षबागायतदारांना ठाऊक असलेलंच शेडनेट वापरा: ७५ टक्के सावलीचं, पत्र्यापासून किमान एक फूट वर ताणलेलं. पत्र्याला टेकवलं तर मधली हवा खेळत नाही आणि अर्धा फायदा जातो. दोऱ्या वळवाच्या वाऱ्याचा विचार करून बांधा. पत्र्याखाली उघडा थर्माकोल मात्र लावू नका, आग लागली की तो पेटत खाली गळतो. कौलारू घरात कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते, ती वाट लिंपून बंद करू नये.

भिंती आणि खिडक्या

भिंतीत मोजण्यासारखं थोडंच आहे. संध्याकाळी ६ ला पश्चिमेच्या भिंतीची आतली बाजू मोजा आणि पूर्वेच्या भिंतीशी ताडून पाहा. तीन अंशांहून जास्त फरक असेल तर बाहेरून सावली करा: छज्जा, बांबूची चटई, वेल, जे जमेल ते. आतला पडदा काचेतून आत आलेली उष्णता फारशी अडवत नाही.

खिडक्यांकडे मात्र साथीमुळे नव्याने पाहावं लागतं. घराच्या चटईक्षेत्राच्या किती टक्के खिडकी प्रत्यक्ष उघडते, हे संहिता विचारते. उष्ण-कोरड्या हवामानासाठी किमान १० टक्के, संमिश्र आणि समशीतोष्ण हवामानासाठी १२.५, उष्ण-दमट हवामानासाठी १६.६६. हिशेब पूर्ण घराचा करायचा असतो, पण एका खोलीचं उदाहरण घेऊ. खोली १२ बाय १०, म्हणजे १२० चौरस फूट. खिडकी ४ बाय ४, म्हणजे १६ चौरस फूट. दोन तावदानांची सरकती खिडकी असेल तर निम्मीच उघडते: ८ चौरस फूट, साडेसहा-पावणेसात टक्के. तिन्हींपैकी कोणत्याच हवामानाला ती पुरत नाही. तीच खिडकी बिजागरीच्या झडपांची असती तर ९० टक्के उघडली असती आणि प्रमाण १२ टक्क्यांवर गेलं असतं. गेल्या काही वर्षांत ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांनी घरातली निम्मी हवा कापली, ती अशी. डासांच्या जाळीने आणखी कमी होते, म्हणून जाळी दर आठवड्याला ब्रशने झाडा.

जुन्या वाड्यात जाड भिंती असतात आणि रात्रीची गार हवा त्या धरून ठेवतात. तिथे रात्री ९ ते सकाळी ८ सगळं उघडं, दुपारी फक्त सावलीकडची खिडकी आणि वरचा झरोका उघडा, असं ठेवावं. दुपारी पूर्ण बंद करायची जुनी सवय साथीपुरती बाजूला.

हवा किती हवी आणि तिला वीज किती

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ च्या वायुवीजन मार्गदर्शनात माणशी सेकंदाला १० लिटर बाहेरची हवा सांगितली. चार माणसांना ४० लिटर, म्हणजे तासाला १४४ घनमीटर. १२ बाय १० ची, दहा फूट उंचीची खोली ३४ घनमीटरची असते. तिची हवा तासाला चार वेळा बदलायला हवी. समोरासमोर दोन खिडक्या उघड्या असल्या की हे सहज होतं. एकच खिडकी असेल तर दार उघडं ठेवा आणि विरुद्ध टोकाला एक्झॉस्ट पंखा लावा. ६ इंची पंखा कागदावर तासाला दोनशे-अडीचशे घनमीटर ओढतो, प्रत्यक्षात जाळी आणि धुळीमुळे बराच कमी. पंख्याचं तोंड बाहेर आहे आणि ते शेजाऱ्याच्या खिडकीत जात नाही, हे पाहा.

मोजायचं असेल तर एनडीआयआर जातीचा, म्हणजे इन्फ्रारेड किरणांनी मोजणारा, कार्बन डायऑक्साइड मीटर घ्या. स्वस्त मीटरमधले काही निव्वळ अंदाज दाखवतात: बाहेर उघड्यावर तो ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास दाखवतो का ते आधी बघा. खोलीत सगळे बसलेले असताना ८०० च्या आत राहिला तर उत्तम. १००० ओलांडला तर खिडकी वाढवा. गॅस पेटलेला असताना घेतलेलं माप धरू नका.

आता एसी. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच फिरवतो. इशरे या भारतीय वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने २०२० मध्ये साथीसाठी २४ ते ३० अंश आणि ४० ते ७० टक्के आर्द्रता सुचवली, आणि खिडकी थोडी उघडी ठेवायला सांगितलं. ‘मग बिल किती येईल?’ हिशेब असा. बाहेर ३८ अंश, आत २६, हवा तासाला १४४ घनमीटर: ती गार करायला सुमारे ५८० वॉटची शीतन-क्षमता लागते. दीड टनाचा एसी ५,२७० वॉट उष्णता काढतो, म्हणजे त्याचा जेमतेम नववा भाग. विजेत ते सुमारे २०० वॉट, आठ तासांत दीड युनिट. रात्री बाहेरचं तापमान उतरलं की त्याहूनही कमी. पावसाळ्यात दमटपणामुळे थोडं जास्त. उलट सेटिंग एका अंशाने वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते असं ब्युरो सांगतं. १ जानेवारी २०२० पासूनचे स्टार लेबलचे एसी चालू होताच २४ वर येतात. ते २७ वर नेऊन पंखा लावा. खिडकीचे पैसे तिथेच वसूल होतात.

पंखे मोजायला सोपे. जुना ७५ वॉटचा पंखा रोज १४ तास चालला तर महिन्याला साडेएकतीस युनिटं, ३० वॉटचा बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या नव्या मोटरचा) पंखा साडेबारा. युनिटला आठ रुपये धरले तर महिन्याला दीडशे रुपये वाचतात. सर्वांत जास्त चालणाऱ्या खोलीतला पंखा आधी बदला, पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्या. साथीत दिवसभर चालतो तो बैठकीतला.

गिझरचं थर्मोस्टॅट ६० वरून ५० वर आणा. फ्रीजच्या दारात वहीचा कागद अडकवून ओढा. अडखळत नसेल तर रबर बदला.

नहाणी ट्रॅप

हा मुद्दा वीज-तपासणीच्या नमुन्यात नसतो, पण एक्झॉस्ट पंखा लावणार असाल तर तो आलाच. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्समध्ये सार्स या श्वसनरोगाची लागण तीनशेहून अधिक रहिवाशांना झाली. न्हाणीघरातले कोरडे पडलेले ट्रॅप (जाळीखालचं, पाणी धरून पाइपमधली हवा अडवणारं वळण) आणि सांडपाण्याच्या पाइपमधली हवा खोलीत ओढणारे एक्झॉस्ट पंखे यांची सांगड चौकशीत पुढे आली. अपार्टमेंटमधलं न वापरातलं बाथरूम असेल तर नहाणी ट्रॅपमध्ये आठवड्याला दोन तांबे पाणी ओता. पंखा लावलात की बाथरूमच्या दाराखाली बोटभर फट ठेवा, म्हणजे हवा ट्रॅपमधून न येता तिथून येईल. तपासायला ट्रॅपच्या जाळीजवळ उदबत्ती धरा: धूर जाळीपासून दूर ढकलला गेला तर आत हवा येतेय.

थंड देशांत दारात मोठा पंखा बसवून ५० पास्कल दाबाने घराच्या फटी मोजतात. तो उपकरण-संच कुणी सुचवला तर साथीत अपार्टमेंटमध्ये नको म्हणा. हवा ओढून घेण्याच्या पद्धतीत शेजारच्या घरातली हवाही तुमच्याकडे येते. आपल्या उघड्या घरांना त्या चाचणीचा उपयोगही कमी.

तपासनीस येणारच असेल तर

आधी फोटो पाठवा: मीटर, एमसीबी बोर्ड (फ्यूजच्या जागी आलेल्या स्विचांची पेटी), प्रत्येक मोठ्या उपकरणाची नावपट्टी, प्रत्येक खिडकी टेपसकट. नावपट्टीचा फोटो किंचित तिरका घ्या, नाहीतर फ्लॅशने अक्षरं पांढरी होतात. घराचा नकाशा चौकटीच्या कागदावर काढून उत्तर दिशा दाखवा. मोबाइलचं होकायंत्र लोखंडी ग्रिलजवळ चुकतं, म्हणून गच्चीच्या मधोमध उभं राहून पाहा.

घरात कुणी आजारी किंवा विलगीकरणात असेल तर भेट पुढे ढकला. नसेल तर तपासनीस येण्याआधी अर्धा तास सगळ्या खिडक्या उघडा, गेल्यावरही अर्धा तास. सुरुवात गच्ची आणि मीटर-पेटीपासून, मग खोल्या, शेवटी स्वयंपाकघर. घरचे लोक तोवर पडवीत किंवा गच्चीवर. एकाने फोनवरून वाट दाखवावी. आजी-आजोबांची खोली व्हिडिओवरूनच तपासावी, तिथे आत जाण्यासारखं काही नसतं. चहा नको.

स्विचबोर्डवर सॅनिटायझर फवारू नका. अल्कोहोल पेट घेतं आणि बटणाच्या ठिणगीला तेवढं पुरतं. कापडावर घेऊन, मेन बंद करून पुसा आणि सुकल्यावर चालू करा. हायपोक्लोराइट तर मीटर, एसी आणि फ्रीज यांच्या जवळही नेऊ नका, तांब्याच्या नळ्या आणि टर्मिनल गंजतात.

काम केल्यावर लगेच पुढच्या महिन्याचं बिल पाहून निष्कर्ष काढू नका. मे गेला आणि जून आला तरी बिल उतरतंच. फुकट जाणारी वीज थांबली का, ते त्याच दिवशी लाल दिव्यावर पुन्हा मोजा. पंखे आणि एसीचा फरक पुढच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडा. छताचं माप रात्री ९ ला, त्याच खुणेवर, निरभ्र दिवशी घ्या. आदल्या दिवशी वळीव पडला असेल तर दोन दिवस थांबून मोजा.